सूत, धूळ आणि क्षय : कोष्टी समाजाच्या इतिहासातील एक न लिहिलेले प्रकरण

प्रतिवर्षी या स्मरणिकेत आपल्या समाजाच्या पूर्ववैभवाचे वर्णन येते, आणि ते यावयासच हवे. पवनी, मोहाडी, आंधळगाव, भंडारा आणि आमचे अड्याळ येथील मागांवर निघालेली लुगडी, धोतरजोडे व उपरणी यांचा लौकिक आपण सर्वजण अभिमानाने सांगतो. परंतु ज्यांनी ते कापड विणले त्यांच्या छातीचे काय झाले, हे कोणी लिहिलेले आमच्या पाहण्यात नाही. वडीलधाऱ्या मंडळींस विचारावे, "आपले आजोबा कशाने वारले?" तर पुष्कळ घरी एकच उत्तर मिळते, "खोकल्याने." अधिक आग्रह केला म्हणजे आवाज खाली येतो आणि दुसरा शब्द निघतो, "क्षयाने." या दोन शब्दांमागे वस्तुतः काय होते, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. हा शोध केवळ गतकालाचा नाही. त्या दोन शब्दांची गल्लत आपल्या घरांतून अद्यापि चालू आहे, आणि तिची किंमत आता आपली मुले व नातवंडे देत आहेत.

प्रथम हातमागाच्या घराकडे वळू. नव्या पिढीस ते घर ठाऊक नसेल, म्हणून थोडे वर्णन करितो. माग खड्ड्याचा असे. विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसे, पायांनी पावड्या दाबी आणि हाताने धोटा फेकी. सूत तुटू नये म्हणून खोलीतील हवा किंचित ओलसर राहावी लागे. त्यामुळे खिडकी नसे, आणि असली तरी ती लहानशी असे. बाहेर मोकळ्या जागेत पांजण चाले, आत आजी, आई व बहिणी कांड्या भरीत. या घरात धूळ नव्हती असे नाही, परंतु ती बेताची होती. कारण सूत तयारच येई. रुई पिंजताना व विंचरताना जो फुफाटा उडतो, तो या घरात नव्हता. मात्र अंधारी, ओलसर आणि माणसांनी भरलेली खोली क्षयरोगास फार मानवते. घरातील एकास क्षय जडला की त्याच्या खोकल्यातून निघालेले सूक्ष्म जंतू त्या कोंडलेल्या हवेत दीर्घकाळ तरंगत राहत, आणि त्याच हवेत मुले निजत. क्षय हा जंतूंपासून होतो, हे रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे जाहीर केले. तोवर पुष्कळ ठिकाणी तो घराण्याचा दोष किंवा दैवाचा कोप समजला जात असे. आपल्याकडे तर ही समजूत त्यानंतरही कितीतरी वर्षे टिकून राहिली.

विलायती कापडाने आणि त्यामागून देशी गिरण्यांच्या कापडाने हातमागाचा बाजार बसविला. जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपूर येथे एम्प्रेस मिल सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले होते, त्यावरून गिरणीस हे नाव मिळाले. पुढे नागपुरात मॉडेल मिल निघाली. पुलगाव व हिंगणघाट येथे गिरण्या झाल्या. पूर्वेस राजनांदगावला झाली. घरचा माग बंद पडला की विणकराचा मुलगा गिरणीच्या वाटेस लागे. अड्याळ, पवनी व मोहाडीकडील किती तरी कुटुंबांचा एक पाय नागपुरात आणि एक पाय गावात, अशी स्थिती दोन-तीन पिढ्या राहिली.

गिरणीतील धूळ सर्वत्र सारखी नसते, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कापसाच्या गाठी फोडून रुई झोडपतात तो ब्लो खाता आणि ती विंचरतात तो कार्डिंग खाता, या दोन ठिकाणी धूळ सर्वांत जास्त. ही धूळ म्हणजे केवळ रुईचे तंतू नव्हेत. बोंडाभोवतीच्या वाळलेल्या पानांचा चुरा, माती, आणि त्यांवर वाढलेल्या सूक्ष्म जंतूंचे विषारी अंश तीत असतात. तेथून पुढे सूतकताईच्या खात्यात धूळ कमी होत जाते, आणि विणाईच्या खात्यात ती त्याहूनही कमी असते.

या धुळीपासून होणाऱ्या रोगाचे लक्षण मोठे विलक्षण आहे. आठवड्याच्या सुटीनंतर कामगार ताजातवाना होऊन कामावर जातो, आणि त्याच पहिल्या दिवशी काही तासांनी त्याची छाती जखडल्यासारखी होते, खोकला येतो, धाप लागते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास ओसरतो. पुढील सुटीनंतर तो पुनः येतो. वर्षे लोटली म्हणजे तो आठवडाभर राहू लागतो, आणि अखेरीस काम सोडले तरी जात नाही. आरंभीच धुळीतून बाहेर पडले तर छाती बऱ्याच अंशी सुधारते. उशीर झाला तर सुधारत नाही. या रोगात छातीतील जंतू कारण नसतात, म्हणून तो एकापासून दुसऱ्यास लागत नाही. क्षयाशी तुलना करताना हा भेद सर्वांत महत्त्वाचा आहे.

इंग्लंडातील मँचेस्टर शहरात जेम्स फिलिप्स के या तरुण डॉक्टरने हा भेद १८३१ मध्येच लिहून ठेवला. सूतगिरणीतील कामगारांचा खोकला आणि खरा क्षय यांत फरक आहे, हे त्याने रोगी तपासून दाखविले. हेच गृहस्थ पुढे शिक्षणक्षेत्रात आले आणि शिक्षकांसाठी प्रशिक्षण विद्यालय काढून त्यांनी मोठे नाव मिळविले. शिक्षकी पेशात आयुष्य गेलेल्या आम्हांस याचे विशेष कौतुक वाटते. असे असूनही लोकांच्या तोंडी त्या विकाराचे नाव "सूत कातणाऱ्यांचा क्षय" असेच राहिले. पुढे १८७७ मध्ये आद्रियाँ प्रूस्त या फ्रेंच वैद्याने त्यास "बिसिनोसिस" असे स्वतंत्र नाव दिले. ज्या वर्षी नागपुरात गिरणीचा भोंगा प्रथम वाजला, त्याच वर्षी युरोपात गिरणीच्या धुळीच्या रोगाचे बारसे झाले. परंतु ते नाव आपल्या वस्त्यांपर्यंत पोहोचावयास शंभर वर्षे लागली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या काळात तेथील गिरणी कामगारांच्या छातीची पद्धतशीर पाहणी केली, तेव्हा कोठे आपल्या प्रांतात या रोगाची नीट दखल घेतली गेली.

येथे एक अप्रिय गोष्ट लिहिणे भाग आहे. इतिहास लिहावयाचा तर आपल्या सोयीचा भाग तेवढा लिहून चालत नाही. विणाईच्या खात्यात मजुरी अधिक व धूळ कमी. आणि त्या खात्यात अस्पृश्य मानलेल्या बांधवांस प्रवेश नसे. त्याचे कारण धोट्यात होते. कांडी संपली म्हणजे नव्या कांडीचे सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाई. त्यामुळे विटाळ होतो, असे सवर्ण कामगार म्हणत. मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ च्या संपाच्या काळात या अन्यायास वाचा फोडली. नागपुरातही रूढी तीच होती. आपला समाज त्या वेळी विणाईच्या खात्यात होता, आणि सर्वांत दाट धूळ ज्यांच्या वाट्यास आली ते महार बांधव होते, ही गोष्ट आपण मान्य केली पाहिजे.

आणि यातील विपरीत पाहा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानाने तोंडाने सूत ओढण्याच्या धोट्यास १९११ मध्ये कायद्याने बंदी केली, कारण त्यायोगे क्षय पसरेल अशी भीती तेथील लोकांस वाटली. क्षय मुख्यतः हवेतून पसरतो हे आज आपणांस ठाऊक आहे, तेव्हा धोट्यावरच सर्व दोष ठेवता येणार नाही. परंतु तेथे लोक धोट्याकडे रोगाच्या दृष्टीने पाहत होते, आणि आपण त्याच धोट्याकडे विटाळाच्या दृष्टीने पाहत होतो. आपल्याच जातीच्या खोकणाऱ्या माणसाचा धोटा तोंडी लावताना कोणी कचरत नसे. जंतू मात्र जात विचारीत नाही.

आता आमच्या घरची एक हकीकत सांगतो. आमचे थोरले चुलते नागपूरच्या एका गिरणीत होते. विणाईच्या खात्यात जागा मिळाली नाही म्हणून त्यांनी कार्डिंगमध्ये बरीच वर्षे काढली. चाळिशी उलटल्यावर ते खोकला घेऊन अड्याळास परतले. त्यांस ताप नसे, थुंकीतून रक्त कधी पडले नाही, वजनही फारसे उतरले नव्हते. परंतु चार पावले चालले की धाप लागे. घरात ठरले की हा क्षय. त्यांची ताटवाटी निराळी झाली, अंथरूण ओसरीवर गेले, आणि मुलांना त्यांच्याजवळ जाण्याची मनाई झाली. त्यांची थुंकी तपासली गेली नाही, छातीचे चित्र काढले गेले नाही, गिरणीत कोणत्या खात्यात होता हे कोणी विचारले नाही. सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी आपणांस फार त्रास होत असे, असे ते स्वतः सांगत. पण त्याचा अर्थ ऐकणाऱ्यांस लागला नाही. ओसरीवर ते अकरा वर्षे होते. इतकी वर्षे एकाच घरात राहून दुसऱ्या कोणास काही झाले नाही, तेवढ्यावरूनही कोणास शंका आली नाही. त्यांच्या धाकट्या मुलीची सोयरीक मात्र दोनदा ठरून मोडली, कारण "घरात क्षय आहे" ही वार्ता पाहुण्यांच्या कानी जाई.

याच्या उलट प्रकारही घडत. ज्यास खरोखर क्षय आहे तो "गिरणीचा खोकला आहे, सर्वांनाच होतो" म्हणून अंगावर काढी, आणि तोवर घरातील दोन-तीन मुलांस रोग जडलेला असे. म्हणजे एकाच गैरसमजातून दोन अनर्थ झाले. ज्याचा रोग लागणारा नव्हता त्यास वाळीत टाकले, आणि ज्याचा लागणारा होता त्यास मांडीवर मुले दिली. "क्षय" या शब्दाचा मूळ अर्थ झिजणे एवढाच आहे; युरोपातील जुना शब्दही त्याच अर्थाचा. जो जो रोग शरीर झिजवी तो तो क्षय, असे म्हणण्याने ही गल्लत पिढ्यान्‌पिढ्या पोसली.

येथवर कापसाच्या धुळीचे सांगितले. आता दगडाच्या धुळीचे सांगितले पाहिजे, कारण तिची गोष्ट याहून भयंकर आहे. कापसाची धूळ आणि क्षय हे दोन निराळे रोग. परंतु गारगोटीची, म्हणजे ज्यास सिलिका म्हणतात त्या द्रव्याची, बारीक धूळ क्षयास दार उघडून देते. ही गोष्ट जगाने दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत शिकली. तेथील कठीण दगडात यंत्राने भोके पाडण्यास आरंभ झाल्यावर ऐन तारुण्यातील कामगार काही वर्षांतच धापा टाकून मरू लागले. त्या विकारासही लोकांनी "खाणकामगारांचा क्षय" हेच नाव दिले. त्याविषयी तेथे १९११ मध्ये कायदा झाला, आणि १९३० मध्ये जोहान्सबर्ग येथे या रोगावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. आपल्या देशात कोलारच्या सोन्याच्या खाणींतील कामगारांत १९४० नंतरच्या दशकात झालेल्या पाहणीत हा रोग, म्हणजे सिलिकोसिस, आढळला.

त्याचे कारण आता चांगले समजले आहे. फुप्फुसाच्या तळाशी काही रक्षक पेशी असतात. बाहेरून आलेला जंतू गिळून त्याचा नाश करणे हे त्यांचे काम. सिलिकाचा डोळ्यांस न दिसणारा कण त्यांनी गिळला म्हणजे त्या स्वतःच मरतात, फुप्फुसात घट्ट गाठी बनतात, आणि क्षयाच्या जंतूस अडविणारे कोणी उरत नाही. म्हणून सिलिकोसिस झालेल्यास क्षय होण्याचा धोका इतरांहून कित्येक पटींनी अधिक असतो. सिलिकोसिस झाला नसला, तरी अशा धुळीत दीर्घकाळ काम केलेल्याचा धोका वाढतोच. आणि काम सोडल्यावरही तो पुष्कळ वर्षे राहतो. सिलिकोसिसवर औषध नाही. क्षयावर आहे. परंतु दोन्ही एकत्र झाले तर क्षय ओळखणे कठीण जाते, कारण छातीच्या चित्रात गाठींमागे गाठी लपतात.

वाचक म्हणतील, विणकरांच्या स्मरणिकेत खाणीचे पुराण कशासाठी? तर त्याचे उत्तर आपल्या घरात पाहावे. एम्प्रेस मिल २००२ मध्ये कायमची बंद झाली. हातमाग तर त्यापूर्वीच गेले होते. आपली मुले आज कोठे आहेत? काही शिकून नोकरीस लागली, त्याचा आनंदच आहे. परंतु बरीच मुले गिट्टीच्या क्रशरवर, रस्त्याच्या व धरणाच्या कामांवर, फरशी घासण्याच्या व कापण्याच्या कामावर, बोअरवेलच्या गाड्यांवर आहेत. आपल्याच जिल्ह्यात तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. तेथील खडकास फर्मर या भूगर्भशास्त्रज्ञाने गोंड लोकांच्या नावावरून "गोंडाइट" असे नाव दिले, आणि त्या खडकात गारगोटीचा अंश असतो. ज्या दगडात गारगोटी आहे तो कोरडा फोडला, कापला किंवा घासला की घातक धूळ उडणारच, मग जागा कोणतीही असो. आजोबांनी कापसाची धूळ खाल्ली; नातू दगडाची खात आहे. आजोबांचा खोकला क्षय नव्हता तरी आपण तो क्षय म्हटला. नातवाच्या खोकल्यात क्षय असण्याचा संभव खरोखरच मोठा आहे, आणि त्याला आपण "धुळीचा खोकला" म्हणून सोडून देत आहो.

कायद्याने या गोष्टीची दखल घेतली आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. १९४८ च्या कारखाने कायद्यात सिलिकोसिस हा सरकारास कळविण्याचा रोग म्हणून नमूद होता. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात पुढे कापसाच्या धुळीचा रोग तर आलाच, पण सिलिकोसिससह झालेला क्षय हाही व्यवसायजन्य रोग म्हणून दाखल झाला. परंतु कायद्याचा लाभ मिळण्यास एक गोष्ट सिद्ध करावी लागते : तो माणूस कोणत्या कामावर, कोणत्या धुळीत, किती वर्षे होता. आपल्याकडे नेमकी तीच नोंद नसते. हजेरीचा कागद नाही, मुकादमाचे नाव आठवत नाही, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर फक्त "खोकला" लिहिलेले असते.

बर्नार्डिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० मध्ये कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. ताग व अंबाडीसारखे तंतू विंचरणारे आणि दगड घडविणारे यांच्या खोकल्याचे वर्णन त्यात आहे. रोग्यास जे प्रश्न विचारावयाचे त्यांत त्याने एका प्रश्नाची भर घातली : "तू काम काय करितोस?" तीनशे वर्षे उलटली, तरी त्या प्रश्नाची गरज संपलेली नाही. डॉक्टरांनी तो विचारला नाही तर आपण होऊन सांगावे, की मी एवढी वर्षे क्रशरवर होतो, अथवा माझे वडील ब्लो खात्यात होते.

क्षयाविषयीची लाज ही आता निराधार झाली आहे. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडले, आयसोनियाझिड १९५२ मध्ये उपयोगात आले. मद्रास येथे १९५६ मध्ये सुरू झालेल्या आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले, की घरी राहून नियमित औषध घेणारा रोगी आरोग्यधामात ठेवलेल्या रोग्याइतकाच बरा होतो, आणि तो घरी राहिल्याने कुटुंबाचा धोका वाढत नाही. आपल्याच देशाच्या या अभ्यासाने साऱ्या जगाची उपचारपद्धती बदलली. १९६२ पासून राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम चालू आहे. सरकारी रुग्णालयात थुंकीची तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. साध्या क्षयास सहा महिन्यांचे औषध पुरते. आणि पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपयांचे साहाय्य दिले जाते. औषध नियमित सुरू झाल्यावर बहुतेक रोग्यांपासून थोड्याच दिवसांत इतरांस लागण होण्याचे थांबते. मग ताटवाटी निराळी करून काय साधते? मुलीची सोयरीक कशासाठी मोडावी? ज्या घराने रोग लपविला त्या घराची भीती बाळगावी. ज्याने औषध पुरे केले त्याची नव्हे.

तेव्हा समाजबंधूंस व भगिनींस आमची विनंती अशी. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्यावी. दगडाच्या धुळीत काम केलेल्याने तर तपासणीस विलंब लावू नये, आणि छातीचे चित्रही काढून घ्यावे. तोंडाला बांधलेल्या रुमालाने बारीक धूळ अडत नाही, हे मुलांस सांगावे. दगड ओला करून फोडावा किंवा कापावा, पाण्याचा फवारा व धूळ ओढणारा पंखा यांची मागणी मालकाकडे करावी. बिडी सोडावी, धूळ आणि धूर मिळून छाती लवकर जाते. आणि समाजाच्या मंडळास एक सूचना. कुटुंबांची जी नोंदवही आपण ठेवितो, तीत गोत्र, गाव व शिक्षण यांचे रकाने आहेत. त्यांत आणखी एक रकाना घालावा : कोणते काम, कोठे, आणि किती वर्षे केले. वृद्ध गिरणी कामगार आज थोडेच उरले आहेत. ते आहेत तोवर त्यांच्या खात्यांची नावे लिहून घ्यावीत. क्रशरवरील मुलांची नोंद आजपासून करावी. उद्या एखाद्यास धाप लागली तर तोच कागद डॉक्टरांस रोग ओळखण्यास आणि कुटुंबास भरपाई मागण्यास उपयोगी पडेल.

आपल्या पूर्वजांनी ताणा व बाणा यांचा एकेक धागा मोजून वस्त्र विणले. तितक्याच काटेकोरपणे आपल्या माणसांच्या श्रमाची नोंद ठेवणे आपणांस जड जाऊ नये, असे म्हणून आम्ही हा लेख येथे पुरा करितो.